पर्सनल ट्रेनर की छोटा ग्रुप? आधी व्हिडिओ काढा

जिममध्ये पर्सनल ट्रेनिंगचं वर्षाचं पॅकेज गळ्यात मारतात आणि दोन महिन्यांत कळतं, ट्रेनर नुसता 'अजून दोन, अजून दोन' म्हणत मोबाईल बघतोय.

१. आधी ट्रेनरकडे एकट्याची पाच-सहा सेशन्सच घ्या. स्क्वॉट (बैठका), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), पुश-अप, बस.

२. शेवटच्या दिवशी बाजूने व्हिडिओ काढा. टाचा उचलल्या जात नाहीत, पाठ गोल होत नाही, कुणी न टोकता दहा रेप्स (म्हणजे तोच व्यायाम दहा वेळा) नीट जमतात? मग तीन-चार जणांचा ग्रुप पुरे.

३. ग्रुपची एक ट्रायल घ्या. तासाभरात ट्रेनरने तुम्हाला एकदाही टोकलं नाही, तर दुसरा ग्रुप शोधा. (तुम्ही इतके परफेक्ट नसता!)

गुडघा किंवा कमरेचं दुखणं असेल, नुकतंच बाळंतपण झालं असेल, तर डॉक्टरांना विचारा आणि सुरुवातीला एकट्याचंच घ्या.