बोटं सरळ झाली म्हणून रेडियल नर्व्ह शाबूत धरू नका

ऑर्थोच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. रात्री दीडला कॅज्युअल्टीत पंचेचाळिशीचे एक काका आले. दुचाकीवरून पडलेले, उजव्या ह्युमरसच्या (दंडाच्या हाडाच्या) खालच्या तिसऱ्या भागात स्पायरल, म्हणजे पीळ पडल्यासारखं फ्रॅक्चर. हात पोटावर, उशीच्या आधाराने ठेवलेला. “काका, बोटं सरळ करा,” मी म्हटलं. त्यांनी केली. केसपेपरवर ‘डिस्टल न्यूरोव्हॅस्क्युलर इन्टॅक्ट’ (फ्रॅक्चरच्या खाली नसा आणि रक्तपुरवठा शाबूत) लिहिलं, यू-स्लॅब (दंडाभोवती यू आकाराचं अर्धं प्लास्टर) लावला आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

सकाळच्या राउंडला सरांनी त्यांचा हात हलकेच उशीवरून उचलला. मनगट खाली लोंबलं.

मनगट आणि बोटं मुळापासून उचलणारी नस म्हणजे रेडियल नर्व्ह, ती दंडाच्या हाडाला लागूनच जाते. माझ्या नोटप्रमाणे रात्री ती चांगली होती. म्हणजे स्लॅब लावताना ती हाडाच्या तुकड्यांत सापडली असणार, असा अर्थ निघाला. नातेवाईक म्हणाले, “प्लास्टर केलं आणि हात गेला.” दंड उघडून प्लेट लावली. नस सलग होती, नुसती सुजून काळीनिळी पडलेली. दोन दिवसांनी ड्रेसिंग करताना मी काकांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “मनगट तर रस्त्यावरच उचलत नव्हतं, ताई. तुम्ही बोटांचं विचारलंत.”

मी कुठे फसले ते नीट सांगते. बोटाचे मधले आणि टोकाचे सांधे सरळ करायला रेडियल नर्व्ह लागतेच असं नाही. ते काम हातातले छोटे स्नायू, इंटरॉसिआय आणि लम्ब्रिकल करू शकतात, आणि त्यांचा पुरवठा हाताच्या दुसऱ्या दोन नसांकडून, अल्नर आणि मीडियनकडून येतो. मनगटाला उशीचा किंवा स्लॅबचा आधार असला की रेडियल पूर्ण बंद असूनही बोटं छान ताठ होतात. रेडियलची खूण बोटांच्या मुळाशी, एमसीपी सांध्यात बघायची. आपल्या हाताने पेशंटचं मनगट सरळ धरा, बोटं मुळाशी वाकलेली ठेवा आणि ती मुळापासून उचलायला सांगा. मनगट वेगळं तपासा: तळहात खाली, आधार काढलेला. मग हात टेबलावर पालथा ठेवून फक्त अंगठा वर उचलायला लावा आणि अंगठ्यामागचा टेंडन (स्नायूची दोरी) ताठ होतो का ते बोटाने चाचपा. शेवटी अंगठा आणि तर्जनीमधल्या जागेत, हाताच्या पाठीवर, स्पर्श कळतो का बघा. ट्रायसेप्स (कोपर सरळ करणारा, दंडामागचा स्नायू) चालतो म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याला जाणाऱ्या रेडियलच्या फांद्या बहुतेक फ्रॅक्चरच्या वरच निघून गेलेल्या असतात.

‘थम्स अप, ओके, बोटं फाका’ हा रेडियल, मीडियन आणि अल्नर झटपट तपासायचा तीस सेकंदांचा शॉर्टकट मला मुळीच आवडत नाही. अंगठ्याचं टोक मीडियनवरचा स्नायूसुद्धा सरळ करू शकतो. हे मला कुठल्या सीनियरने नाही, फिजिओच्या मॅडमनी शिकवलं, माझा हात स्वतःच्या हातात धरून. माझं ठाम मत आहे की नर्व्ह शिकायची असेल तर आठवड्यातून एक दुपार फिजिओ विभागात बसा. आणि ‘इन्टॅक्ट’ लिहू नका. काय तपासलं, स्नायूच्या ताकदीला किती ग्रेड मिळाली, किती वाजता, ते लिहा. स्लॅबच्या आधी एकदा आणि नंतर एकदा.

आता धीर देणारी बाजू. दंडाच्या बंद (त्वचा न फाटलेल्या) फ्रॅक्चरबरोबर आलेला रिस्ट ड्रॉप, म्हणजे लोंबलेलं मनगट, बहुतेकांचा आपणहून सुधारतो. पहिल्या दिवसापासून कॉक-अप स्प्लिंट (मनगट वर उचलून धरणारी पट्टी) द्या, आणि बोटं, मनगट दुसऱ्या हाताने रोज पूर्ण हलवायला शिकवा. सांधे आखडले तर परत आलेली नसही उपयोगाची नाही. पहिल्याच आठवड्यात ईएमजीची (स्नायूंमधल्या विजेच्या तपासणीची) घाई नको. तीन-चार आठवड्यांनी केला तर त्याला अर्थ असतो. नस दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते, त्यावरून पहिला स्नायू कधी हलेल याचा हिशेब मांडा. तीन-चार महिन्यांत काहीच खूण नसेल तर मात्र ‘अजून बघू’ म्हणू नका. वर्ष-दीड वर्षानंतर स्नायू नस स्वीकारत नाही; मग टेंडन ट्रान्सफर (चालू स्नायूचा टेंडन बंद स्नायूच्या कामाला जोडणं) उरतो. तोही चांगला चालतो, हे पेशंटला जरूर सांगा.

हाच धडा दुसऱ्या नसांनाही लागू आहे. खांदा निखळला असेल तर बसवण्याआधी डेल्टॉइडवर (खांद्यावरच्या गोल स्नायूवर) हात ठेवून तो आकसतो का बघा. वरच्या त्वचेचा स्पर्श शाबूत असला तरी त्या स्नायूची नस, ॲक्सिलरी नर्व्ह, गेलेली असू शकते. आणि बाइकवरून पडलेल्या मुलाचा सगळा हात लुळा असेल, त्याच बाजूची पापणी उतरलेली आणि बाहुली लहान असेल, तर नसांची मुळं कण्यापासूनच उपटली असण्याची शक्यता धरा. त्याला सहा महिने ओपीडीत फिरवू नका, ब्रेकियल प्लेक्ससच्या (हाताच्या नसांच्या मानेतल्या जाळ्याच्या) सर्जनकडे पहिल्याच महिन्यात पाठवा.

काका दर पंधरा दिवसांनी यायचे. मी दंडावरून खाली टिचकी मारत जायचे आणि मुंग्या कुठे येतात तिथे पेनाने खूण करायचे. खूण कोपराकडे सरकत होती. चौथ्या महिन्यात त्यांना कोपर वाकवायला सांगून मी ब्रेकिओरेडियालिसवर (कोपराजवळचा, रेडियलवर चालणारा स्नायू) बोट ठेवलं, आणि बोटाखाली काहीतरी ताठ झालं. मी पुन्हा करायला लावलं. पुन्हा झालं. मनगट उचलायला आणखी पाच आठवडे लागले.