डिझाइनच्या लॅपटॉपला मॉनिटर जोडताना

मॉनिटरच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत १६५ हर्ट्झ, वक्र स्क्रीन, एचडीआर (उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणारी सोय) असं काय काय छापलेलं असतं. यूआय (अॅप-वेबसाइटचे पडदे), ब्रँडिंग किंवा छपाईच्या कामाला त्यातलं जवळजवळ काहीच लागत नाही. पैसे घालायचे ते रंग नीट दाखवणाऱ्या पॅनेलवर आणि इंचामागच्या पिक्सेलवर. पण मॉनिटर शोधायला बसण्याआधी लॅपटॉप हातात घेऊन त्याच्या कडा बघा. लॅपटॉपमधून जे बाहेरच पडत नाही, ते मॉनिटर दाखवणार कुठून?

आधी पोर्ट

नव्या ४के (३८४० बाय २१६० पिक्सेलच्या) मॉनिटरवर माउसचा बाण अडखळत सरकतो, ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. मॉनिटर बहुतेक वेळा निर्दोष असतो. लॅपटॉपला एचडीएमआय १.४ असेल तर त्यातून ४के सेकंदाला ३० वेळाच जातं. ६० हर्ट्झसाठी, म्हणजे सेकंदाला ६० वेळांसाठी, एचडीएमआय २.० लागतं. २५६० बाय १४४० मात्र १.४ मधूनही ६० हर्ट्झने आरामात चालतं, त्यामुळे लॅपटॉप जुना असेल तर त्या रिझोल्यूशनवर थांबलेलंच बरं. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले आणि मग अॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडलं की सध्या किती हर्ट्झ मिळताहेत ते दिसतं. जोडल्या जोडल्या तिथे बघा.

दुसरा अपराधी म्हणजे स्वस्त यूएसबी-सी हब. या केबलमध्ये वेगवान डेटासाठी चार मार्गिका असतात. हब त्यातल्या दोन पेनड्राइव्ह आणि हार्डडिस्कसाठी राखून ठेवतो, चित्राच्या वाट्याला दोनच उरतात. डिस्प्लेपोर्ट (चित्र पाठवण्याची एचडीएमआयसारखी दुसरी पद्धत) १.२ च्या वेगाने दोन मार्गिकांतून ४के ३० हर्ट्झनेच जातं. लॅपटॉप आणि हब दोन्हीकडे डिस्प्लेपोर्ट १.४ असेल तर ६० बसतं. हबच्या खोक्यावर नुसतं '४के' लिहिलेलं असेल आणि हर्ट्झचा आकडा नसेल, तर तो ३० चा आहे असं धरून चाला.

यूएसबी-सीचं पोर्ट आहे म्हणून चित्र येईलच असंही नाही. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टच्या विजेचं चिन्ह आहे का बघा. काही कंपन्या चिन्ह छापतच नाहीत. मग मॉडेल नंबर टाकून तपशिलात 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' हे शब्द शोधायचे. केबलचीही तीच गत. फोनच्या चार्जरबरोबर आलेल्या केबलमध्ये बहुधा यूएसबी २.० पुरत्याच तारा असतात, त्यातून चार्जिंग होतं पण चित्र जात नाही. मॉनिटरच्या खोक्यातली केबल वापरा आणि ती घरात दुसऱ्या कुणाला उसनी देऊ नका.

एकाच केबलने चित्रही आणि चार्जिंगही, ही सोय खरोखर सुखाची आहे, फक्त वॅटचा हिशेब करा. ६५ वॅटचा अॅडॉप्टर असलेल्या लॅपटॉपला ६५ किंवा ९० वॅट देणारा मॉनिटर पुरतो. १६ इंची मॅकबुक प्रोचा अॅडॉप्टर १४० वॅटचा असतो. ९० वॅटवर रोजचं काम होतं, पण लांबलचक रेंडरला बॅटरी हळूहळू उतरू शकते. ग्राफिक्स कार्डवाल्या, १८० ते २३० वॅटचा विटेएवढा अॅडॉप्टर असलेल्या लॅपटॉपसाठी ही सोय विकतच घेऊ नका, त्याचा मूळ चार्जर लावावाच लागतो.

मॅक वापरणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एम१ आणि एम२ चिपच्या मॅकबुक एअरला थेट एकच बाहेरचा मॉनिटर जोडता येतो. दुसरा हवा तर डिस्प्लेलिंकचा (सॉफ्टवेअरच्या मदतीने यूएसबीतून चित्र पाठवणारा) डॉक घ्यावा लागतो. आणि एका मॉनिटरमधून दुसऱ्यात डिस्प्लेपोर्टची साखळी लावायची युक्ती विंडोजवर चालते, मॅकवर दोन्हीकडे एकच चित्र दिसतं.

आकार, टेबल आणि मजकूर

तयार मिळणारी बरीच स्टडी टेबलं दीड ते दोन फूट खोल असतात. २७ इंची स्क्रीनपासून डोळे निदान ६० सेंटिमीटर दूर हवेत, आणि मॉनिटरचा स्टँडच २० सेंटिमीटरच्या आसपास जागा खातो. दीड फुटी टेबलावर तो तसाच ठेवला तर कोपरे बघायला मान फिरवावी लागते. उपाय म्हणजे क्लॅम्पचा मॉनिटर आर्म. त्यासाठी मॉनिटरच्या पाठीवर १०० बाय १०० मिलिमीटरवरची वेसा भोकं (आर्म स्क्रूने बसवायची ठरलेली जागा) आहेत का ते आधी बघायचं, कारण स्वस्त मॉडेलांत ती अनेकदा गाळलेली असतात. काचेच्या टेबलावर क्लॅम्प लावू नका. टेबल भिंतीला चिकटून असेल तर आर्मचा कोपरा मागे भिंतीला अडतो, म्हणजे टेबल तेवढं पुढे ओढावं लागेल.

आता पिक्सेल. २४ इंची फुल एचडीवर इंचामागे साधारण ९२ पिक्सेल पडतात, २७ इंची १४४० (म्हणजे २५६० बाय १४४०) वर १०९ आणि २७ इंची ४के वर १६३. सापळा आहे तो २७ इंची फुल एचडीचा: दिसायला मोठा, किंमत आकर्षक, आणि इंचामागे जेमतेम ८२ पिक्सेल. डिझाइनसाठी तो घेऊ नये. पैसे तेवढेच असतील तर २४ इंची चांगला आयपीएस (हा पॅनेलचा प्रकार, त्याबद्दल पुढे) घ्या. ३२ इंची १४४० सुद्धा पुन्हा ९२ वरच येतो. ३२ घ्यायचा तर ४के घ्या.

देवनागरीत काम करणाऱ्यांना हा फरक लॅटिन अक्षरांपेक्षा लवकर जाणवतो. शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच जागेत दाटीने बसतात. 'वर्षीं' सारखा शब्द १४ पिक्सेलवर लिहून बघा: ९२ च्या स्क्रीनवर वरचा सगळा भाग एकमेकांत मिसळतो, १६३ वर प्रत्येक खूण सुटी दिसते. मात्र वेबसाइट किंवा अॅप करत असाल तर घरातला जुना २४ इंची फेकू नका. तुमचं काम बघणारे कितीतरी लोक ऑफिसात त्याच स्क्रीनसमोर बसलेले असतात, तेव्हा फाइल पाठवण्याआधी एकदा तिथेही बघितलेली बरी.

विंडोजवर २७ इंची १४४० हा १०० टक्के स्केलिंगला (अक्षरं-बटणं किती मोठी दाखवायची त्या प्रमाणाला) बिनत्रासाचा पर्याय आहे. ४के घेतलात तर १५० टक्के ठेवा, जागा १४४० इतकीच मिळते पण अक्षरं कोरीव दिसतात. मॅकवर गणित वेगळं: २०१८ च्या मोहावेपासून मॅकओएसने अक्षरांच्या कडा उपपिक्सेलने (पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या, निळ्या भागांनी) गुळगुळीत करणं सोडलं, त्यामुळे १४४० वर मजकूर थोडा जाड आणि मऊ दिसतो. मॅक असेल तर ४के कडेच जा.

एक अपवाद खास आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांसाठी. पेजमेकर किंवा कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्तीवर ज्यांचं पोट आहे, त्यांनी ४के टाळावा. ही सॉफ्टवेअरं वाढीव स्केलिंगसाठी लिहिलेलीच नाहीत. एक तर सगळं धूसर दिसतं, नाहीतर बटणं मुंगीएवढी होतात. प्रोग्रॅमच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटीखाली हाय डीपीआयची सेटिंग बदलून थोडं सुधारतं, पूर्ण नाही.

रंग

पॅनेल आयपीएस घ्या. व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलचा काळा रंग जास्त गडद असतो खरा, पण कडेने बघताना छटा बदलतात, आणि सपाट एकरंगी पार्श्वभूमी मध्यभागी एक आणि कोपऱ्यात दुसरी दिसते. सिनेमाला चालेल, लोगोला नाही. ओएलईडी सुंदर असतात; पण फोटोशॉपच्या पट्ट्या दिवसभर एकाच जागी उभ्या राहिल्या की त्यांचा ठसा उमटण्याचा धोका राहतो. रोज आठ तास टूलबार उघडा ठेवणाऱ्याने हा खर्च सध्या करू नये.

बऱ्याच बजेट लॅपटॉपच्या तपशिलात '४५ टक्के एनटीएससी' (जुन्या टीव्हीच्या रंगसंचाचं माप) असतं. याचा अर्थ एसआरजीबीचा (वेब आणि बहुतेक स्क्रीनसाठी ठरलेल्या रंगसंचाचा) साधारण ६० ते ६५ टक्के भागच ती स्क्रीन दाखवते. तिच्यावर भगवा मळकट दिसतो, नवखा डिझायनर तो चढवत नेतो, आणि गिऱ्हाइकाच्या फोनवर तोच रंग किंचाळतो. म्हणून मॉनिटरच्या तपशिलात 'एसआरजीबी ९९ किंवा १०० टक्के कव्हरेज' हेच शब्द हवेत. नुसतं '१२५ टक्के एसआरजीबी' लिहिलेलं असेल तर ते क्षेत्रफळाचं माप असू शकतं, आणि त्यात मूळ एसआरजीबीचा एखादा कोपरा सुटलेलाही असतो.

पी३ चं (एसआरजीबीपेक्षा मोठ्या रंगसंचाचं) रुंद पॅनेल व्हिडिओ आणि मोबाइल अॅपच्या कामाला उपयोगी. पण विंडोजवर जे प्रोग्रॅम रंगव्यवस्थापन करत नाहीत, ते अशा स्क्रीनवर सगळंच भडक दाखवतात. मॉनिटरच्या मेनूत एसआरजीबी मोड हवा, आणि त्या मोडमध्ये ब्राइटनेस बदलता येतो ना, हेही विचारून घ्या. काहींत तो कुलूपबंद असतो. 'एचडीआर ४००' च्या शिक्क्याला स्क्रीनचे भाग वेगवेगळे उजळण्याची अटच नाही, त्यामुळे त्याला जादा पैसे देऊ नका आणि डिझाइन करताना एचडीआर बंदच ठेवा.

छपाईचं काम असेल तर शुद्ध सायनसारखे काही रंग एसआरजीबीत बसतच नाहीत. ते बघायला अॅडोबी आरजीबीचं पॅनेल लागतं. नियमित ऑफसेटचं काम असेल तर तो खर्च निघतो. फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांसाठी तो वाया जातो. तिथे छापखान्याच्या मशीनवरचा एक नमुना कागद मॉनिटरपेक्षा खरं सांगतो.

खोक्यात कॅलिब्रेशनचा (रंग मोजून जुळवल्याचा) छापील अहवाल आणि त्यात डेल्टा ई, म्हणजे खऱ्या आणि दिसणाऱ्या रंगातला फरक, २ पेक्षा कमी असेल तर सुरुवातीला तेवढं पुरे. पुढे कलरीमीटर (स्क्रीनचे रंग मोजायचं यंत्र) तिघाचौघांनी मिळून घेतला तर परवडतो. मोजण्याआधी मॉनिटर अर्धा तास सुरू ठेवा, पांढरा डी६५ (दिवसाच्या उजेडासारखा प्रमाण पांढरा) आणि ब्राइटनेस १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटरच्या आसपास धरा. स्क्रीनवर खिडकीचं ऊन पडत असेल तर ही सगळी मेहनत फुकट.

घरी आणल्यावर

सत्तावीस इंची मॉनिटर साधारण २५ ते ४० वॅट खातो, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरवर सहज चालतो. लाइट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण मॉनिटर आणि राउटर बंद पडतात. दोन्ही इन्व्हर्टरच्या सॉकेटवरच घ्या.

दुकानातून घेणार असाल, मग मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की गावातलं दुकान, स्वतःचा लॅपटॉप आणि केबल घेऊन जा आणि पैसे देण्याआधी जोडून बघा. ऑनलाइन मागवला तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा. लाल, हिरवी, निळी, पांढरी आणि काळी अशी पाच एकरंगी चित्रं पूर्ण स्क्रीनवर लावून मेलेले पिक्सेल शोधा. काळं चित्र रात्री दिवा बंद करून बघायचं. कोपऱ्यातला उजेड डोकं हलवल्यावर बदलत असेल तर तो आयपीएसचा स्वभाव आहे. जागचा हलत नसेल तर मागचा प्रकाश गळतोय. दोनचार मेलेल्या पिक्सेलवर बऱ्याच कंपन्या वॉरंटीत बदली देत नाहीत, म्हणून ही तपासणी परत करण्याच्या मुदतीतच उरका. जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर आपला नंबर घालून घ्या. वॉरंटी घरी येऊन देणार की मॉनिटर सर्व्हिस सेंटरला न्यावा लागणार, हे तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांनी खरेदीआधीच विचारावं. आणि दुसऱ्या प्रकारची असेल तर खोकं थर्माकोलसकट माळ्यावर जपून ठेवावं.