दुसऱ्याच्या मशीनवर चालतंय का?

सिक्युरिटीत यायचंय म्हणणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘हॅकिंग कुठून शिकू?’ माझी सुरुवात त्यापेक्षा बरीच रटाळ होती. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत मी लिनक्स सर्व्हर सांभाळायचो. एके दिवशी साहेब म्हणाले, ऑडिट आलंय, आपल्या मशीनमध्ये कुठे भोकं आहेत ते शोधणारा स्कॅनर बसव. बजेट शून्य. मग ओपनव्हास नावाचं फुकट सॉफ्टवेअरच उरलं.

२००५ मध्ये नेसस या स्कॅनरचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला राहायचा बंद झाला, तेव्हा त्याच्या खुल्या कोडवरून ओपनव्हास निघालं. आज जर्मनीतली ग्रीनबोन ही कंपनी ते सांभाळते. मला वाटलं होतं, एक प्रोग्राम असेल. निघाली चाळ. स्कॅन करणारा वेगळा, त्याच्याशी बोलणारा वेगळा, जीव्हीएमडी नावाचा मॅनेजर वेगळा, ब्राउझरमधलं पान दाखवणारा वेगळा, शिवाय पोस्टग्रेस आणि रेडिस हे दोन डेटाबेस. रेडिसचं सॉकेट, म्हणजे ज्या फाइलमधून त्याच्याशी बोलायचं ती, स्कॅनरच्या युजरला वाचता आलं नाही की सगळं ठप्प, आणि एरर दिसणार भलत्याच ठिकाणी. चार दिवस गेले, पण चाललं. मी नोट्स लिहून सहकाऱ्याला दिल्या आणि सुटीवर गेलो.

परत आलो तर त्याचं तोंड पडलेलं. सगळ्या सर्व्हिसेस हिरव्या, लॉगिन होतंय, पण स्कॅन सुरू केला की ‘कॉन्फिग सापडलं नाही’ आणि पुढे भलामोठा आयडी. तो आयडी ‘फुल अँड फास्ट’ या नेहमीच्या स्कॅन कॉन्फिगचा, म्हणजे काय काय तपासायचं ते ठरवणाऱ्या सेटिंगचा. ते कॉन्फिग इन्स्टॉलबरोबर येत नाही, फीडबरोबर, म्हणजे ग्रीनबोनकडून उतरणाऱ्या माहितीच्या साठ्याबरोबर येतं. लाखाच्या वरच्या चाचण्या आणि त्रुटींच्या याद्या आधी उतरतात, मग डेटाबेसमध्ये भरल्या जातात. साध्या मशीनवर पहिल्या वेळी त्याला काही तास लागतात. ‘फीड स्टेटस’च्या पानावर ‘अपडेट चालू आहे’ असं लिहिलेलंही असतं, पण तिथे जायचं हे कोणी सांगितलं तर ना! बिचाऱ्याने तीनदा सगळं पुसून पुन्हा इन्स्टॉल केलं होतं, म्हणजे अर्धं भरलेलं फीड तीनदा उडवलं होतं. चूक त्याची नव्हती. माझ्या नोट्समध्ये ‘आता थांबा’ हे दोन शब्द नव्हते.

तेव्हापासून माझा हिशोब बदलला. माझ्या मशीनवर चाललं म्हणजे निम्मंच काम झालं.

सिक्युरिटीच्या कामासाठीच्या काली लिनक्समध्ये ‘जीव्हीएम-चेक-सेटअप’ नावाची स्क्रिप्ट आहे, ती नव्या माणसाने मुद्दाम उघडून वाचावी. एकेक पायरी तपासते, ठीक असेल तर ‘ओके’, नसेल तर ‘एरर’, आणि खालच्या ओळीत ‘फिक्स’: अमुक कमांड चालवा. त्या ‘फिक्स’च्या ओळीत कोणाच्या तरी वाया गेलेल्या रात्री आहेत. मी तिच्या धर्तीवर आमच्यासाठी चाळीसेक ओळींची शेल स्क्रिप्ट लिहिली. सॉकेट वाचता येतं का, डिस्कवर जागा आहे का, फीड पूर्ण भरलं का, एवढंच. मुलाखतीत मला सर्टिफिकेटपेक्षा जास्त प्रश्न तिच्यावर विचारले गेले.

इन्स्टॉल एकदाच होतं, सांभाळावं रोज लागतं. लिनक्सच्या डेबियन घराण्यात (कालीही त्यातलंच) पोस्टग्रेसची नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी येऊन बसते. जुनी ५४३२ नंबरचा पोर्ट, म्हणजे आपलं दार, सोडत नाही, नवीला ५४३३ मिळतो, आणि नव्या आवृत्तीसाठी बांधलेला जीव्हीएमडी जुनीचं दार ठोठावत बसतो. अपग्रेडनंतर बंद पडलं तर आधी इथे बघा.

आता ग्रीनबोनचे तयार कंटेनर मिळतात, म्हणजे सगळं आत भरलेले डबेच. नवीन असाल तर सरळ तिथूनच सुरू करा, सोर्समधून बांधण्याचा हट्ट नंतर. फक्त एक ध्यानात ठेवा. ते बंद करणाऱ्या ‘डॉकर कम्पोज डाउन’ या कमांडच्या मागे ‘-v’ जोडला की व्हॉल्यूमही, म्हणजे साठवलेला डेटाही, जातात. मी एकदा सफाईच्या उत्साहात तो जोडला आणि आठ महिन्यांचे रिपोर्ट घालवले. बॅकअप? ‘करू या आठवड्यात’ या यादीत होता.

शिकायचं काय, तर सर्व्हिसेस चालू-बंद करणाऱ्या सिस्टमडीचे लॉग वाचणं, फाइल-परवानग्या, पोस्टग्रेसचा डंप, म्हणजे डेटाची प्रत, घेऊन तो खरोखर परत भरून बघणं. सराव स्वतःच्या व्हर्च्युअल मशीनवर. दुसऱ्याच्या नेटवर्कवर लेखी परवानगीशिवाय स्कॅन नाही, २००० च्या आयटी कायद्यात ते अंगाशी येऊ शकतं.

आणि नोट्स लिहिल्यावर कोऱ्या मशीनसमोर दुसऱ्याला बसवा. तुम्ही शेजारी, तोंड बंद. हे फार जड जातं. परवा नव्याने आलेली मुलगी सातव्या पायरीवर अडली. मी खुर्चीत चुळबुळतोय, ती स्क्रीनकडे बघतेय. पाच मिनिटांनी म्हणाली, ‘दादा, ही कमांड कोणत्या युजरने चालवायची ते लिहिलंच नाहीये.’ कीबोर्ड तिच्याकडे होताच. म्हटलं, मग लिही.