गेमिंगसाठी वायरचा राउटर निवडताना वेग नाही, रांग बघा

‘लाइन ३०० एमबीपीएसची आहे, तरी गेम अडकतो’ ही तक्रार कोथरूडपासून खराडीपर्यंत सगळीकडे ऐकू येते. त्यावर ठरलेले दोन सल्ले मिळतात: प्लॅन वाढवा, नाहीतर आठ अँटेनांचा ‘गेमिंग राउटर’ आणा. दोन्ही ऐकू नका. ऑनलाइन गेमला डेटा अगदी थोडा लागतो, पण तो वेळेवर पोहोचावा लागतो. पीसी किंवा कन्सोल वायरनेच जोडायचा, हे तुमचं ठरलंय असं धरून पुढचं लिहितोय.

सोपं आधी उरकू. वॅनसकट (इंटरनेटची वायर लागते तो पोर्ट) सगळे पोर्ट गिगाबिटचे, म्हणजे १ जीबीपीएसचे हवेत. स्वस्त राउटरच्या खोक्यावर ठळक १२०० छापलेलं असतं, तो आकडा वायफायचा. मागचे पोर्ट बऱ्याचदा १०० एमबीपीएसचेच निघतात. केबल कॅट ५ई असली तरी १ जीबीपीएसला पुरते, पण तांब्याची हवी. तपकीर गल्लीत घ्यायला गेलात तर ‘सीसीए नको, प्युअर कॉपर द्या’ असं स्पष्ट सांगा. सीसीए म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर.

आता खरी अडचण, आणि मीही सगळ्यात जास्त झगडलो ते इथेच. गेमच्या पीसीवर सतत पिंग लावून ठेवा; पिंग म्हणजे पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. चांगल्या फायबरवर पुण्याहून मुंबईच्या सर्व्हरचं पिंग साधारण १० मिलिसेकंदांच्या आसपास राहतं. मग दुसऱ्या मशीनवर मोठं डाउनलोड सुरू करा, ते थांबवून मोबाइलवरून मोठा व्हिडिओ अपलोड करून बघा. पिंग १५०-२०० वर गेलं, तर तुमचा आजार वेगाचा नाही, बफरब्लोटचा आहे, म्हणजे भरल्या लाइनवर साचणाऱ्या डेटाच्या लांब रांगेचा. बँकेच्या खिडकीवर पुढच्या माणसाने चेकचा गठ्ठा काढावा आणि मागे आपल्याला फक्त पासबुक भरून घ्यायचं असावं, तशी गेमच्या छोट्या पॅकेटची गत होते. अपलोडकडे विशेष लक्ष द्या. फोटोंचा बॅकअप आणि क्लाउडवर चालणारा सीसीटीव्ही गुपचूप लाइन भरतात, आणि दोष मात्र गेमच्या सर्व्हरला मिळतो.

याचा इलाज म्हणजे एसक्यूएम, म्हणजे राउटरने ही रांग हुशारीने सांभाळणं. राउटर घेताना त्यात ‘केक’ किंवा ‘एफक्यू-कोडेल’ यांपैकी रांग सांभाळायची एखादी पद्धत आहे का, एवढं विचारा. ‘गेम प्रायोरिटी’ नावाच्या रंगीत बटणांवर विसंबू नका. गेमचा ट्रॅफिक ओळखता आला तरच ती उपयोगी, आणि तो दरवेळी ओळखता येतोच असं नाही. एफक्यू-कोडेलला गेमचं नाव ठाऊक असावं लागत नाही, ते प्रत्येक कनेक्शनला वेगळी रांग देतं.

सेटिंगमध्ये डाउनलोड आणि अपलोड, दोन्हीची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांवर ठेवा. इथे लोक अडून बसतात: पैसे ३०० चे भरतो, २७० का वापरू? कारण रांग इंटरनेट कंपनीच्या यंत्रात नाही, तुमच्या राउटरमध्ये लागली पाहिजे. तरच ती तुमच्या ताब्यात राहते. ते ३० सोडा. पिंग तरीही उड्या मारत असेल तर आणखी ५ टक्के कमी करा.

यातली मेख दुकानदार सांगत नाही. ‘गिगाबिट राउटर’ गिगाबिट गाठतो तो हार्डवेअर ऑफलोडच्या, म्हणजे प्रोसेसरला वगळून पॅकेट थेट पुढे ढकलण्याच्या जोरावर. एसक्यूएम लावलं की प्रत्येक पॅकेट प्रोसेसरमधून जातं आणि वेग निम्म्याहूनही खाली येऊ शकतो. म्हणून मायक्रोटिक कंपनीचा छोटा हेक्स राउटर मी १०० एमबीपीएसच्या लाइनलाच सुचवतो. ३०० आणि पुढे त्यांच्याच आरबी५००९ सारखा दमदार राउटर घ्या, नाहीतर दोन लॅन पोर्टचा एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी घेऊन त्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची प्रणाली टाका. मायक्रोटिकवर केक राउटरओएस या त्यांच्या प्रणालीच्या ७ व्या आवृत्तीपासून मिळतं. फास्टट्रॅक (पॅकेटना आडवाटेने लवकर पुढे काढणारी सोय) चालू राहिलं तर बहुतेक वेळा ते लागूच होत नाही, आणि सेटिंग बरोबर असूनही फरक का पडत नाही म्हणून माणूस डोकं धरून बसतो.

इंटरनेट कंपनीच्या ओएनटीला (फायबर जोडतात तो डबा) ब्रिज मोडमध्ये टाकून घ्या, म्हणजे तो स्वतः राउटरचं काम करणार नाही; नाहीतर दुहेरी नॅट होतं, म्हणजे पॅकेटचा पत्ता दोनदा बदलला जातो. पीपीपीओईचं (लाइनच्या लॉगिनचं) युजरनेम-पासवर्ड आणि कंपनीने लाइनला दिलेला व्हीलॅन क्रमांक आधीच लिहून घ्या. कंपनीने लाइन जुन्या यंत्राच्या मॅक ॲड्रेसला (ओळख क्रमांकाला) बांधलेली असेल तर ती मोकळी करायला फोनवर सांगा. राउटरचा वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे, म्हणजे अनेक ग्राहकांत वाटलेल्या पब्लिक आयपीमागे आहात. बाहेरून थेट जोडणी यावी म्हणून पोर्ट (राउटरच्या सेटिंगमधले) उघडायचे असतील तर कंपनीकडे स्वतःचा पब्लिक आयपी मागा. कितीही महाग राउटर आणला तरी यावर त्याचा उपाय चालत नाही.

पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, तेव्हा छोटा डीसी यूपीएस हवाच, आणि तो ओएनटी व राउटर दोघांनाही. ॲडॉप्टरचे व्होल्ट जुळवून घ्या: ओएनटी सहसा १२ व्होल्टचा असतो, मायक्रोटिकच्या काही ॲडॉप्टरवर २४ लिहिलेलं असतं. राउटर माळ्यावर कोंडू नका, तो तापतो.

परत करता येईल अशाच ठिकाणी खरेदी करा. बसवल्यावर पिंगची तीच परीक्षा रात्री ९ ते ११ मध्ये, घरातले सगळे लाइनवर असताना पुन्हा घ्या. भरल्या लाइनवरही पिंग रिकाम्या लाइनपेक्षा १०-१५ मिलिसेकंदांनीच वाढत असेल तर राउटर ठेवा, नाहीतर मुदत संपायच्या आत परत करा.