स्वस्त सबवूफर: आधी मोजा, मग नॉब फिरवा

स्वस्त सबवूफरचा आवाज फाटतो किंवा नुसताच घुमतो, तेव्हा बहुतेक वेळा दोष सबवूफरचा नसतो. गेन (अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे अ‍ॅम्प, सिग्नल किती वाढवतो ते ठरवणारा नॉब) जास्त असतो, दरवाज्यातल्या स्पीकरशी जुळणी बिघडलेली असते किंवा गाडीची केबिनच एखादी फ्रीक्वेन्सी भलतीच फुगवत असते. या तिन्ही गोष्टी मोजता येतात. त्यासाठी एक साधा मल्टिमीटर, साइन टोनच्या (एकाच फ्रीक्वेन्सीच्या शुद्ध सुराच्या) फाइल्स, लॅपटॉपवर 'रूम ईक्यू विझार्ड' हे मोफत सॉफ्टवेअर आणि कॅलिब्रेशन फाइलसह मिळणारा यूएसबी माइक पुरतो. फोनचा माइक खालच्या फ्रीक्वेन्सी कमी पकडतो, म्हणून तो 'आधी आणि नंतर' अशी तुलना करण्यापुरताच वापरा.

सगळ्यात आधी सबवूफरच्या कॉइलचा (कोन हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा) रेझिस्टन्स बघा. ४ ओहमची कॉइल मल्टिमीटरवर साधारण ३.२ ते ३.७ दाखवते, ते बरोबरच आहे. ४ ओहमच्या दोन कॉइल पॅरललमध्ये जोडल्या की २ ओहम होतात आणि सीरिजमध्ये ८. तुमचा अ‍ॅम्प २ ओहमला चालतो का, हे जोडण्याआधीच तपासा.

अ‍ॅम्पवर ठळक छापलेला 'मॅक्स' आकडा विसरा, आरएमएस वॅट (सतत देता येणारी पॉवर) धरा. त्याचीही शंका आली तर फ्यूज बघा: ३० अँपिअर गुणिले १४ व्होल्ट म्हणजे ४२० वॅट आत जाणार. क्लास डी अ‍ॅम्प त्यातले साधारण ८० टक्के, म्हणजे ३३५ वॅटच्या आसपास बाहेर देईल. क्लास एबी हा दुसरा प्रकार त्याहून बराच कमी. अशा अ‍ॅम्पवर १००० लिहिलेलं असेल, तर तो आकडा मोजणीत धरूच नका.

आता गेन. स्टिरिओचा इक्वलायझर सपाट, लाउडनेस बंद, बास बूस्ट शून्य, अ‍ॅम्पचा लो-पास (ठरलेल्या फ्रीक्वेन्सीच्या वरचं कापणारा फिल्टर) सगळ्यात वर, सबसॉनिक (अगदी खालचं कापणारा फिल्टर) बंद. सबवूफरच्या वायरी अ‍ॅम्पवरून काढून ठेवा. गेन पूर्ण खाली आणून ० डेसिबलचा ५० हर्ट्झ टोन लावा. ५० हर्ट्झच घ्या, कारण साधे मल्टिमीटर त्याच फ्रीक्वेन्सीच्या आसपास भरवशाचे असतात. स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांशावर न्या आणि अ‍ॅम्पच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजत गेन हळूहळू वाढवा.

किती व्होल्टवर थांबायचं? वॅट गुणिले ओहम, आणि त्याचं वर्गमूळ. अ‍ॅम्प आणि सबवूफर यांच्यापैकी ज्याचे आरएमएस वॅट कमी, तो आकडा घ्यायचा. २५० वॅट ४ ओहमला ३१.६ व्होल्ट, तेच २ ओहमला २२.४. नॉब फिरवूनही व्होल्टेज पूर्वीच्या वेगाने चढेनासं झालं, तर अ‍ॅम्प क्लिप होतोय, म्हणजे लाटेची टोकं कापतोय. लक्ष्य गाठलेलं नसलं तरी मागे या. पूर्ण क्लिप झालेला सिग्नल तेवढ्याच उंचीच्या साइन वेव्हच्या दुप्पट पॉवर कॉइलमध्ये ओततो, आणि स्वस्त कॉइल जळतात त्या बहुधा अशाच.

वायरी परत जोडा आणि गाणं जोरात वाजत असताना बॅटरीवर व अ‍ॅम्पवर डीसी व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर वायर बारीक आहे किंवा अर्थ कच्चा आहे. स्वस्त किटमधली वायर बरेचदा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची असते. अर्थ नेहमी रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घ्या, आणि मेन फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत ठेवा.

पोर्ट असलेला बॉक्स असेल तर आवाज कमी ठेवून ५० हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ खाली या आणि कोनकडे बघत राहा. एका जागी कोन जवळजवळ स्थिर होतो आणि पोर्टमधून हवा जोरात येते; तीच बॉक्सची ट्यूनिंग. तिच्या खाली कोनला हवेचा आधार उरत नाही, तो मोकाट हलतो. ट्यूनिंग ३८ हर्ट्झ निघाली तर सबसॉनिक ३० च्या आसपास लावा. बंद बॉक्सला हा धोका बराच कमी.

लो-पास ८० हर्ट्झवर आणि दरवाज्यातल्या स्पीकरना हाय-पासही (खालचं कापणारा फिल्टर) ८० वर, दोन्ही २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह (फ्रीक्वेन्सी दुप्पट किंवा निम्मी होण्याचा टप्पा). खिडक्या बंद, इंजिन बंद, माइक ड्रायव्हरच्या डोक्याच्या जागी. पिंक नॉइझ (सगळ्या फ्रीक्वेन्सी एकत्र असलेला खसखसता आवाज) लावून डोक्याभोवती पाच-सहा ठिकाणी मोजा आणि सरासरी घ्या. आधी फक्त सबवूफर, मग फक्त दरवाजे, मग दोन्ही एकत्र. ८० हर्ट्झपाशी एकत्र आवाज वेगवेगळ्यापेक्षा खाली पडला, तर सबवूफरची पोलॅरिटी उलटा (प्लस-मायनस वायरींची अदलाबदल करा). इथे तरंगलांबी सुमारे ४.३ मीटर असते. डिकीतला सबवूफर दरवाज्याच्या स्पीकरपेक्षा दीड मीटर लांब असेल तर लाट तिसऱ्या हिश्शाहून जास्त मागे राहते. स्टिरिओत टाइम अलाइनमेंट असेल तर दरवाज्यांना ४.४ मिलिसेकंद उशीर द्या.

इक्वलायझर शेवटी. केबिन लहान असल्यामुळे खालचा बास आपोआप चढतो, आणि ४० ते ६० हर्ट्झमध्ये एखादा उंचवटा हमखास दिसतो. तो कापा. ४५ वर ६ डेसिबलचा उंचवटा असेल तर तिथेच अरुंद पट्ट्यात ५ डेसिबल उतरवा. खड्डे मात्र भरू नका. ते लाटा एकमेकींना मारतात म्हणून पडतात. ६ डेसिबल चढवायला चौपट पॉवर लागते आणि खड्डा तरीही तिथेच राहतो. मधल्या फ्रीक्वेन्सींपेक्षा ४० हर्ट्झ ६ ते १० डेसिबल वर असलं की चालत्या गाडीतही बास पुरेसा वाटतो. कुठे काही चढवलंच असेल, तर वायरी काढून त्या फ्रीक्वेन्सीच्या टोनवर व्होल्टेज पुन्हा मोजा.

उरली खडखड. २० ते १०० हर्ट्झचा स्वीप (खालून वर चढत जाणारा सूर) सावकाश चालवा आणि नंबर प्लेट, डिकीचं झाकण, मागचा ट्रे एकेक करून हाताने दाबा. दाबल्यावर आवाज थांबला की त्या जागी फोमची पट्टी चिकटवा आणि स्वीप पुन्हा पहिल्यापासून लावा, कारण एक खडखड बंद झाली की तिच्याखाली दबलेली दुसरी ऐकू येते.