१,२३,४५,६७८ चे मूळ अवयव हाताने कसे काढायचे

कागद, पेन आणि ११३ पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी हाताशी असली की पुरे.

आधी सोपे भाजक संपवा. शेवटचा अंक ८, म्हणून २ ने भाग जातो. पण ७८ ला ४ ने जात नाही, तेव्हा २ एकदाच. अंकांची बेरीज ३६, म्हणजे ९ नेही भाग जातो. ही कसोटी ३ आणि ९ पुरतीच. १८९९ च्या अंकांची बेरीज २७ आहे, तरी २७ ने भागल्यावर बाकी ९ उरते. आपल्या संख्येला १८ ने भागलं की ६,८५,८७१ येतात. यांच्या अंकांची बेरीज ३५, म्हणजे ३ चं काम संपलं. ५ चा तर प्रश्नच नाही.

७, ११ आणि १३ एका फटक्यात तपासता येतात, कारण ७×११×१३ = १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून वजाबाकी करा: ८७१ − ६८५ = १८६. याला तिघांपैकी कुणानेच भाग जात नाही, म्हणून ६,८५,८७१ लाही नाही. हमखास फसगत होते ती स्वल्पविरामांमुळे. आपले स्वल्पविराम हजारानंतर दोन-दोन अंकांवर पडतात आणि घाईत ६, ८५, ८७१ असेच गट धरले जातात. म्हणून संख्या आधी स्वल्पविराम न देता लिहून घ्या: ६८५८७१.

पुढचं काम कंटाळवाणं आहे. १७ पासून ४३ पर्यंतच्या आठही मूळ संख्यांनी बाकी उरते. ३७ ला तर जेमतेम २. मग ४७ ने निःशेष भाग जातो आणि १४५९३ उरतात.

आता थांबायचं कुठे? १२१ चा वर्ग १४६४१, तो १४५९३ पेक्षा मोठा आहे. म्हणून ११३ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की झालं. ४७ पेक्षा लहान संख्या पुन्हा घेऊ नका, पण ४७ मात्र पुन्हा एकदा लावून पाहा. तो दोनदा असू शकला असता. उरलेल्या सोळांपैकी कुणानेच भाग जात नाही, म्हणजे १४५९३ मूळ आहे.

१,२३,४५,६७८ = २ × ३² × ४७ × १४५९३

विभाजक किती? प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणा: २×३×२×२ = २४. त्यांची बेरीज (१+२)×(१+३+९)×(१+४७)×(१+१४५९३), म्हणजे ३×१३×४८×१४५९४ = २,७३,१९,९६८. त्यातून संख्या स्वतः वगळली तरी १,४९,७४,२९० उरतात, संख्येपेक्षाही जास्त.

ताळा ९ ने करू नका. ९ हा अवयवच आहे, त्यामुळे १४५९३ च्या जागी काहीही चुकीचं लिहिलं तरी बाकी शून्यच येईल. ११ ने करा. उजवीकडून एकाआड एक अधिक-उणे: ८−७+६−५+४−३+२−१ = ४. अवयवांकडून १८ ची बाकी ७, ४७ ची ३, १४५९३ ची ७. गुणाकार १४७, त्याची बाकी ४. जुळलं.