एलएमएसवर बाहेरचं टूल जोडण्याआधी: अर्ज हाताळणाऱ्यांसाठी तयारीची यादी

जूनमध्ये सत्र तोंडावर आलं की विद्यापीठाच्या ई-लर्निंग कक्षाकडे अर्जांची रीघ लागते. मूडल या एलएमएसवर, म्हणजे ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायच्या प्रणालीवर, अमुक क्विझ-ॲप जोडा, तमुक कंपनीची व्हर्च्युअल लॅब हवी, सोमवारपासून तास आहेत. म्हणून पहिली तयारी तारखेची. अर्ज एप्रिलअखेरपर्यंतच घेतले जातील, असं परिपत्रक विभागप्रमुखांकडे वेळेत पोचू द्या आणि सत्र अर्ध्यावर असताना नवं काही चढवू नका.

बहुतेक अर्जांत टूलचं नाव ठळक असतं आणि गरज एका ओळीत उरकलेली असते. प्राध्यापकांना फोन करा आणि वर्गात विद्यार्थ्यांनी नेमकं काय करायचं आहे ते विचारून घ्या. एकमेकांचे निबंध तपासायचे असतील तर मूडलमधलं 'वर्कशॉप' त्यासाठीच आहे. व्हिडिओच्या मध्ये प्रश्न हवे असतील तर एचफाइव्हपी हे संवादी साहित्य बनवायचं साधन मूडल ३.९ पासून अंगभूतच आहे. अशा वेळी नकार कळवून थांबू नका, अर्धा तास बसून ते वापरून दाखवा.

खरोखर बाहेरचंच टूल लागणार असेल, तर ते प्लगइन (मूडलमध्येच बसवायचा जोडभाग) आहे की एलटीआयने (बाहेरच्या सर्व्हरवरचं टूल एलएमएसला जोडायची प्रमाणित पद्धत) जोडायचं आहे हे पाहा. प्लगइन आपल्याच सर्व्हरवर चालतं. आपल्या मूडल आवृत्तीला त्याचा पाठिंबा आहे का, शेवटची सुधारणा कधी झाली, हे तपासून ते आधी चाचणी सर्व्हरवर चढवा. एलटीआय असेल तर १.३ आवृत्तीचाच आग्रह धरा, जुन्या १.१ वर नवी जोडणी करू नका.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो विद्यार्थ्यांच्या माहितीला. टूल गुणांशी जोडलं की विद्यार्थ्याला नाही म्हणायची सोय उरत नाही, त्यामुळे त्याच्या वतीने प्रश्न आपणच विचारायला हवेत. मूडलमध्ये बाहेरचं टूल नोंदवताना गोपनीयतेच्या भागात नाव पाठवायचं का, ईमेल पाठवायचा का, गुण परत स्वीकारायचे का, असे पर्याय येतात. नाव आणि ईमेल आधी 'कधीच नाही'वर ठेवा आणि टूल चालतं का पाहा. पुष्कळदा चालतं. चाललं नाही, तर नेमकं काय अडलं ते कंपनीकडून लेखी घ्या. पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक), मोबाइल क्रमांक आणि जातीचा प्रवर्ग असलेली एक्सेल फाइल तर कुणाच्याही विनंतीवरून बाहेर जाता कामा नये.

प्रथम वर्षाला बरीच मुलं सतरा वर्षांची असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या लेखी अठरा पूर्ण न झालेली व्यक्ती बालक आहे. म्हणून कंपनीच्या अटी इंग्रजीत, बारीक अक्षरांत असल्या तरी त्या पूर्ण वाचा. माहिती कुठे साठते, जाहिरातीसाठी किंवा एआय मॉडेल शिकवण्यासाठी वापरली जाते का, पुढे आणखी कुणाला दिली जाते का, ही उत्तरं विक्री प्रतिनिधीच्या तोंडी आश्वासनावर सोडू नका. करारात आणा, विधी विभागाची नजर फिरू द्या.

डेमो कंपनीच्या नमुना खात्यावर पाहून भागत नाही. चाचणीचं खातं 'कुऱ्हाडे' किंवा 'बऱ्हाटे' अशा आडनावाने काढा आणि प्रमाणपत्राची पीडीएफ छापून बघा. 'ऱ्हा' तुटून आला, तर मराठी विभागाचं काम त्या टूलवर होणार नाही. मग माउस बाजूला ठेवा आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) सुरू करून फक्त कळफलकावर एक प्रश्नपत्रिका पूर्ण सोडवा. 'सबमिट'चं बटण स्क्रीन रीडरला सापडलं नाही, तर अंध विद्यार्थी परीक्षेतच अडकेल. दिव्यांग हक्क कायदा २०१६ पासून आहे, 'पुढच्या अपडेटमध्ये करू' हे उत्तर चालवून घेऊ नका. स्वस्त अँड्रॉइड फोनवर, मोबाइल डेटावरही एकदा उघडून पाहा.

पैशांचं थोडक्यात: पहिलं वर्ष फुकट असेल तर दुसऱ्या वर्षाचा प्रति विद्यार्थी दर आत्ताच लेखी घ्या आणि वित्त विभागाला दाखवा.

मंजुरी द्या ती एका सत्राची, एका-दोन वर्गांपुरती. फाइलवर जबाबदार प्राध्यापकांचं नाव आणि त्यांची बदली झाल्यास पर्यायी नाव लिहा. तिथेच टूल काढायची तारीखही टाका. त्या दिवशी गुण मूडलच्या गुणपुस्तकात उतरवून घ्यायचे, जोडणीची डिजिटल किल्ली (की) रद्द करायची आणि विद्यार्थ्यांची माहिती खोडल्याचं पत्र कंपनीकडून मागवून फाइलला लावायचं.